जुन्या ब्लूज गायकांच्या रेकॉर्डी निघाल्या, तरी ते गरीबच का राहिले?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. रेकॉर्डी निघूनही या लोकांच्या हातात काही कसं उरलं नाही, आणि रॉबर्ट जॉन्सन या ब्लूज गायकाने गिटार यावं म्हणून चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकला यात तथ्य किती. (ब्लूज म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या लोकांचं गाणं.)

सैतानाचं आधी उरकतो. ही दंतकथा मुळात टॉमी जॉन्सन नावाच्या दुसऱ्याच गायकाची, त्याच्या भावाने सांगितलेली. आडनाव तेच असल्याने पुढे ती रॉबर्टला चिकटली. रॉबर्ट अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात हेझलहर्स्टकडे आइक झिमरमन नावाच्या वादकापाशी शिकत होता आणि ते दोघे रात्री दफनभूमीत जाऊन वाजवत बसायचे. तिथे कितीही बेसूर वाजवलं तरी तक्रार करणारं कोणी नव्हतं! मला ही हकीकत सैतानापेक्षा जास्त आवडते. 29 गाणी मागे ठेवून तो 1938 मध्ये, 27 व्या वर्षी गेला.

आता पैशाचं. रॉबर्टच्या अकाली मृत्यूमुळे त्याच्याभोवती धुकं फार आहे. म्हणून मी मिसिसिपी जॉन हर्ट या ब्लूज गायकाचं उदाहरण घेतो. तो दीर्घायुषी होता आणि त्याने आपली हकीकत स्वतःच्या तोंडाने सांगितली.

जॉन हर्ट ॲव्हलॉन नावाच्या वस्तीत वाढला. ग्रीनवूड आणि ग्रेनाडा या गावांच्या मध्ये, एक दुकान आणि थोडी घरं, एवढंच ॲव्हलॉन. जमीन दुसऱ्याची, कापूस अर्धेलीने करायचा. बियाणं, पीठ, मीठ सगळं मालकाच्या नाहीतर ठरलेल्या दुकानातून उचल म्हणून घ्यायचं आणि हंगामाच्या शेवटी हिशेब. वही मालकाची, आकडेही त्याचेच. आपल्याकडच्या ऊसतोडीची उचल ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना आणखी समजावून सांगायला नको. मिसिसिपीतले बहुतेक काळे शेतकरी याच चक्रात होते. गिटार शनिवारी रात्री, कुणाच्या तरी घरी नाच असला की बाहेर निघायचं.

1928 मध्ये ओके या रेकॉर्ड कंपनीचा टॉमी रॉकवेल त्या भागात गायक-वादक शोधत आला. विली नार्मोर या गोऱ्या फिडलवादकाने त्याला शेजारच्या हर्टचं नाव सुचवलं. रॉकवेलने घरी येऊन वाजवणं ऐकलं आणि फेब्रुवारीत हर्टला मेम्फिसला बोलावलं. तिथलं वर्णन हर्टने नंतर केलं आहे. मोठा रिकामा हॉल, आत मोजून तीन माणसं. याला खुर्चीत बसवलं, मायक्रोफोन अगदी तोंडाशी आणला आणि बजावलं की डोकं तसूभरही हलवायचं नाही. त्यानंतर बरेच दिवस मान दुखत होती म्हणे. डिसेंबरात त्याला न्यूयॉर्कला बोलावलं. तिथे गावची आठवण येऊन त्याने ‘ॲव्हलॉन ब्लूज’ हे गाणं केलं: ॲव्हलॉन माझं गाव, सदा मनात तेच. ही ओळ लक्षात ठेवा. नावापुढे ‘मिसिसिपी’ लावलं ते कंपनीने, खप वाढावा म्हणून.

याचा मोबदला काय? गाण्यामागे ठरलेली रोख रक्कम आणि जाण्यायेण्याचा खर्च, मग नमस्कार. किती प्रती खपल्या याच्याशी गायकाचा संबंध नाही. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. हा व्यवहार त्या काळी सर्रास चालायचा. हर्टला कुणी मुद्दाम फसवलं असं नाही. स्किप जेम्स या दुसऱ्या ब्लूज गायकाने 1931 मध्ये पॅरामाउंट या रेकॉर्ड कंपनीसाठी 18 गाणी दिली, हातात पडले साधारण 40 डॉलर.

हे पॅरामाउंट प्रकरण थोडं सांगायलाच हवं, कारण मला त्याची अजून गंमत वाटते. विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याची ही कंपनी! फर्निचरवाले फोनोग्राफची कपाटं बनवत होते. कपाट घेतलं की गिऱ्हाइकाला वाजवायला काहीतरी लागणार, म्हणून रेकॉर्डी. ब्लाइंड लेमन जेफरसन, चार्ली पॅटन, सन हाउस ही आज देव्हाऱ्यात बसवलेली मंडळी अशी लाकूडकामाच्या धंद्याला जोड म्हणून ध्वनिमुद्रित झाली. पॅटनला हेरणारा एच. सी. स्पीअर याचंही जॅक्सन शहरात दुकानच होतं. आणि त्या तबकड्या होत्या शेलॅकच्या. शेलॅक म्हणजे लाख, बांगड्यांची असते तीच. तेव्हा जगाला लाख मुख्यतः हिंदुस्थानातून जायची, छोटा नागपूरकडच्या पळस-कुसुंबाच्या झाडांवरून.

सगळेच कफल्लक होते असं मात्र नाही. ब्लूजचे पहिले तारे म्हणजे बायका, आणि त्या रंगमंचावर कमवायच्या. मेमी स्मिथचं ‘क्रेझी ब्लूज’ 1920 मध्ये धडाक्यात खपलं, तेव्हा कंपन्यांना कळलं की काळे लोकही रेकॉर्डी विकत घेतात. बेसी स्मिथ या गायिकेला कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीकडून रॉयल्टी मिळत नव्हती, गाण्यामागे ठरावीक रक्कमच. पण दौऱ्यांवर तिने एवढं कमावलं की स्वतःचा रेल्वेचा डबा घेतला. चैन होतीच, पण अमेरिकेच्या दक्षिणेत तेव्हा काळ्या माणसाला हॉटेलात खोली मिळत नसे, मग अख्ख्या ताफ्याने झोपायचं कुठे? 1937 मध्ये मोटार अपघातात ती गेली. तिच्या थडग्यावर दगड बसायला 1970 उजाडलं.

मग 1929 ची मंदी आली. अमेरिकेत 1927 मध्ये वर्षाला सुमारे 10 कोटी रेकॉर्डी खपायच्या, त्या 1932 मध्ये 60 लाखांवर आल्या. खुर्चीवाल्यांनी रेकॉर्डींचं दुकान आवरलं. हर्टला तर पुन्हा कुणी बोलावलंच नाही. तो शेतीकडे वळला, गुरं राखली, मिळेल ते काम केलं. आपली गाणी कुठे वाजतात याची त्याला 35 वर्षं काही खबर नव्हती.

इकडे 1952 मध्ये हॅरी स्मिथने जुन्या तबकड्यांचा एक मोठा संच काढला. त्यात हर्टची दोन गाणी होती. शहरातली कॉलेजची पोरं ती ऐकून वेडी झाली, आणि गायक केव्हाच मेला असणार हे सगळ्यांनी धरून चाललं होतं. 1963 मध्ये टॉम हॉस्किन्स नावाच्या तरुणाने ‘ॲव्हलॉन ब्लूज’ ऐकलं आणि त्या ओळीवर तो अडकला. नव्या नकाशांत ॲव्हलॉन सापडेना. एका जुन्या नकाशांच्या पुस्तकात ते निघालं. हा गाडी काढून थेट तिथल्या दुकानासमोर उभा. जॉन हर्ट कोणाला माहीत आहे का? लोक म्हणाले, त्या टेकडीवर तिसरी टपालपेटी.

हर्टला वाटलं, एफबीआयचा माणूस आला. हसू येतं, पण साल बघा. त्याच वर्षी जूनमध्ये जॅक्सनला मेडगर एव्हर्स या काळ्या नेत्याला त्याच्या घरासमोर गोळी घातली गेली. अशा मुलखात एक अनोळखी गोरा दारात येऊन तुमचं पूर्ण नाव विचारतो, तेव्हा पहिला विचार ‘आपण काही केलं तर नाही ना’ हाच येणार. घरात गिटारही नव्हतं. हॉस्किन्सने आपलं पुढे केलं.

त्याच जुलैत हर्ट न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात हजारो लोकांपुढे बसून वाजवत होता. पुढच्या वर्षी सन हाउस रॉचेस्टर शहरात सापडला आणि स्किप जेम्स मिसिसिपीतल्या एका इस्पितळात. सन हाउस आपलीच गाणी विसरला होता. ॲलन विल्सन नावाच्या विशीतल्या गोऱ्या मुलाने त्याला त्याच्याच रेकॉर्डींवरून ती पुन्हा शिकवली. जेम्सचं ‘आय अ‍ॅम सो ग्लॅड’ 1966 मध्ये क्रीम या इंग्लिश बँडने गायलं, त्याचे पैसे आले ते त्याच्या दवापाण्याला उपयोगी पडले. 1931 च्या त्या 40 डॉलरांशी हे ताडून पाहा. हर्टला मात्र हे उशिराचं सुख तीनच वर्षं मिळालं. 2 नोव्हेंबर 1966 ला ग्रेनाडात तो वारला.

ऐकायचं कुठून सुरू करू, असं पुढे विचाराल म्हणून सांगतो. मी स्वतः हौशी गिटारवाला, हर्टवर दोन पावसाळे घालवले. त्याचा अंगठा जाड तारांवर आलटून पालटून ठेका धरतो आणि तो काही केल्या सुटत नाही, वर दोन बोटं चाल वाजवतात. माझा अंगठा बोटांच्या मागे पळायचा. शेवटी महिनाभर नुसता अंगठाच वाजवत बसलो, घरचे वैतागले.

‘स्पाइक ड्रायव्हर ब्लूज’ लावा. हर्टने काही महिने रेल्वेच्या रुळांवर काम केलं होतं, तिथल्याच एका कामगाराकडून हे गाणं घेतलं. जॉन हेन्री हा घण मारता मारता मेलेला पुराणपुरुष. त्याच्यावरच्या बहुतेक गाण्यांत त्याच्या मरणाचा पोवाडा असतो. हर्टच्या गाण्यातला कामगार म्हणतो, याच घणाने जॉन हेन्रीला मारलं, मला नाही मारणार. हा घण मुकादमाला नेऊन दे, सांग मी गेलो. तेही इतक्या हळू, कुजबुजल्यासारख्या आवाजात की मुकादमाला ऐकूसुद्धा जाऊ नये. आधी 1928 चं ऐका, मग 1963 नंतरचं कुठलंही. मधे पस्तीस वर्षं गेली आहेत, अंगठा तोच आहे.