'आयलंडर'चा चौथा भाग आज खेळण्याजोगा आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: लहानपणी टीव्ही गेमवर दगडी कुऱ्हाडी फेकत धावणाऱ्या टोपीवाल्या मुलाचा 'आयलंडर' नावाचा खेळ होता, त्याचा चौथा भाग केवळ जपानमध्येच निघाला असे प्रश्नकर्त्यांनी अलीकडे ऐकले आहे आणि जपानी येत नसताना तो खेळण्यात काही अर्थ आहे का, तो पहिल्यासारखाच आहे का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. मी हा चौथा भाग दोन वेळा शेवटपर्यंत खेळलो आहे, त्यामुळे आधी सरळ उत्तर देतो. अर्थ जरूर आहे, परंतु तो पहिल्यासारखा मुळीच नाही, आणि पहिल्या खेळातील धावपळच आपल्याला प्रिय असेल तर सुरुवातीचा अर्धा तास आपली निराशा होण्याची शक्यता आहे.

आपल्या कॅसेटच्या यादीत ज्याला 'आयलंडर' म्हटले जाई, त्या खेळाचे खरे नाव 'अ‍ॅडव्हेंचर आयलंड'. हडसन सॉफ्ट या जपानी कंपनीने तो १९८६ साली निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रासाठी काढला. मुळात तो त्याच वर्षीचा सेगाचा आर्केड (नाणे टाकून खेळायचा) खेळ 'वंडर बॉय'. खेळ वापरण्याचा हक्क हडसनला मिळाला, पण नायकाचे नाव व रूप सेगाकडे राहिले. म्हणून हडसनने आपलाच एक कर्मचारी, तोशियुकी ताकाहाशी, नायक म्हणून खेळात उतरवला. हे गृहस्थ कंपनीच्या प्रसिद्धीचे काम पाहत, 'ताकाहाशी मेइजिन' या नावाने जपानी मुलांमध्ये विलक्षण लोकप्रिय होते, आणि एका सेकंदात सोळा वेळा बटण दाबण्याबद्दल त्यांची ख्याती होती. आपण वर्षानुवर्षे ज्याला नुसते 'तो टोपीवाला' म्हणत होतो, तो एका हयात माणसाचे चित्र होता, हे मला स्वतःला पस्तिशी उलटल्यावर कळले.

आमच्या घरी, वेंगुर्ल्याला, हा खेळ १९९७ च्या गणपतीत आला. मुंबईहून येणाऱ्या काकांनी पिशवीतून मोदकाच्या साच्याबरोबर एक टीव्ही गेम काढला आणि आरती आटोपताच माजघरातल्या टीव्हीला जोडून दिला. कॅसेटवर एकापुढे सहा वेळा नऊ लिहिलेले होते. प्रत्यक्षात खेळ तेराच निघाले आणि तेच वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा येत राहिले. चार दिवसांत अडाप्टर जळला. ज्या दुकानातून तो घेतला होता, त्याने 'कोकणातल्या लाइटीला आम्ही काय करणार' असे म्हणून हात वर केले. परंतु ते चार दिवस आजी पाटावर बसून सुपाऱ्या कातरत आमचा खेळ पाहत असे. पहिल्या खेळात पडदा फक्त उजवीकडे सरकतो; एकदा मागे टाकलेली जागा पुन्हा दिसत नाही. वरची शक्तीची पट्टी आपोआप घटत असते, त्यामुळे केळी, अननस, सफरचंद जे हाती लागेल ते उचलत धावत सुटावे लागते, आणि वांगे मागे लागले की ती पट्टी दुपटीने ओसरल्यासारखी भासते. हे सगळे बराच वेळ पाहून आजी म्हणाली, "ह्याका मागे वळान बघूक कोणी शिकवूक नाय काय रे?"

चौथ्या भागाबद्दल मला जे सांगायचे आहे, ते आजीच्या या एका वाक्यात आले आहे, कारण या भागात त्याला मागे वळता येते. मी पहिल्यांदा मोकळ्या जागेत पोहोचलो, तेव्हा चार पावले उजवीकडे टाकून मुद्दाम डावीकडे वळलो. पडदा मुकाट्याने मागे सरकला. पट्टी घटत नव्हती, कारण ती पट्टीच येथे नाही. तिच्या जागी पत्त्यांतल्यासारखे बदाम आहेत आणि ते मार बसला तरच कमी होतात. पहिल्या खेळात स्केटबोर्डवर नसताना शत्रूचा नुसता स्पर्श झाला तरी लाइफ जात असे, हे आठवत असल्यामुळे पहिला धक्का बसूनही जिवंत राहिलो, तेव्हा मला काही क्षण खेळच बिघडल्यासारखे वाटले.

या भागाची कथा अशी की, नायकाचे डायनासोर मित्र पळवले गेले आहेत आणि त्यांना सोडवायचे आहे. (दुसऱ्या भागापासून हे डायनासोर त्याचे वाहन आहेत, कोणी उडतो, कोणी पाण्यात पोहतो.) परंतु राउंडमागून राउंड संपवत जाण्याची पद्धत येथे नाही. बेटावर हिंडायचे, भाला, बूमरँग अशी निरनिराळ्या पल्ल्याची हत्यारे आणि इतर वस्तू मिळवायच्या, आणि ज्या जागी आधी हात टेकले होते तेथे त्या घेऊन परत जायचे. अलिबागचा कुलाबा किल्ला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही रचना अधिक समजावून सांगायला नको. किल्ला किनाऱ्यावरून समोर स्वच्छ दिसतो, पण भरतीच्या वेळी पायी जाता येत नाही; ओहोटी लागली की त्याच वाळूतून चालत दरवाजापर्यंत जाता येते. चौथ्या भागात असे कित्येक 'किल्ले' आधी दिसतात आणि नंतर हाती येतात, आणि त्यांची ओहोटी आपल्यालाच शोधून आणावी लागते. नवी वस्तू मिळाली की तिचा उपयोग कोठे होईल हे खेळ सांगत बसत नाही. एक तासापूर्वी आपण कोठे अडलो होतो, ते आठवावे लागते. ज्या माणसाची सारी कीर्ती अंगठ्याच्या वेगावर उभी होती, तोच ज्याचा नायक, त्या खेळाने शेवटी स्मरणशक्तीची परीक्षा घ्यावी, याची मला गंमत वाटते.

मूळ 'वंडर बॉय'च्या शाखेने हे वळण कितीतरी आधी घेतले होते. त्या मालिकेतील 'द ड्रॅगन्स ट्रॅप' १९८९ सालचा आहे आणि तोही असाच मागेपुढे हिंडवणारा आहे. हडसनची फॅमिकॉमवरील शाखा मात्र १९९१ आणि १९९२ च्या दुसऱ्या व तिसऱ्या भागांतही राउंडच्या चौकटीतच राहिली. चौथा भाग २४ जून १९९४ रोजी आला. फॅमिकॉमच्या पुढचे यंत्र, सुपर फॅमिकॉम, बाजारात येऊन तेव्हा साडेतीन वर्षे झाली होती आणि सहा महिन्यांच्या आत प्लेस्टेशन येणार होते. १९८३ साली निघालेल्या फॅमिकॉमसाठी अधिकृतपणे प्रसिद्ध झालेला हा शेवटचा खेळ ठरला. तो जपानबाहेर नेण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही. फॅमिकॉमच्या त्या आठ बिटांच्या यंत्रात कामाची मेमरी अवघी दोन किलोबाइट असते, हे लक्षात ठेवून हा खेळ पाहिला म्हणजे शेवटी शेवटी त्या यंत्राकडून लोकांनी किती काम करून घेतले होते, ते जाणवते. अर्थात खेळ निर्दोष नाही. मधला काही भाग त्याच त्या वाटा तुडवण्यात जातो, आणि लढाया तिसऱ्या भागाइतक्या चुरशीच्या नाहीत.

तो आपल्याकडच्या नवांच्या माळेच्या कॅसेटवर का आला नाही, याचे कारण माझ्या मते तांत्रिक आहे. पहिला खेळ सगळा मिळून ६४ किलोबाइटांचा; असे लहान खेळ एकाच स्वस्त पाटीवर पुष्कळ बसतात. पुढचे भाग बरेच मोठे असल्यामुळे मेमरीचे तुकडे पालटून देणारी अधिक गुंतागुंतीची चिप त्यांना लागते, आणि नकली कॅसेट करणाऱ्याला एका खेळासाठी तेवढा खर्च कशाला परवडेल? त्यातून हा खेळ जपानी भाषेत, आणि सुरू केल्याबरोबर मजा येणारा नव्हे.

भाषेची अडचण वाटते तेवढी नाही. संवाद थोडे आहेत आणि हत्यारे चित्रांवरून ओळखता येतात. शिवाय चाहत्यांनी केलेला इंग्रजी अनुवादही आहे. मूळ कॅसेट मिळालीच, तर ती साठ पिनांची असते आणि आपल्याकडच्या जुन्या टीव्ही गेमच्या खाचेत बसते. अमेरिकी निन्टेन्डोच्या बहात्तर पिनांच्या खाचेत ती मध्ये वेगळा जोडतुकडा लावल्याशिवाय चालत नाही. खरेदी करताना 'सुपर अ‍ॅडव्हेंचर आयलंड २' याच्याशी गल्लत करू नये. त्याची घडण बरीच मिळतीजुळती आहे, पण तो सुपर फॅमिकॉमचा वेगळा खेळ आहे.

एक सूचना मात्र आवर्जून करतो. जवळ कागद ठेवावा आणि जेथे अडाल तेथील खूण लिहून ठेवावी. पहिल्या वेळी मी तसे केले नाही, आणि नवी वस्तू हाती असूनही ती कोठे वापरायची हे न आठवल्यामुळे तीन संध्याकाळी नुसता भटकत राहिलो. दुसऱ्या वेळी किराणा सामानाच्या वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने नकाशा काढत गेलो. खेळ पुरा व्हायला पहिल्याच्या निम्म्याहून कमी वेळ लागला. ते पान अजून वहीत आहे, आणि त्याच्या पाठीवर तूरडाळ, गूळ व कोकमाचा हिशेब आहे.