छोट्या कॉलेजची डिग्री सीएफएने झाकली जाते का?

वसईकडच्या कॉलेजातून बीएमएस (मॅनेजमेंटची पदवी), कॅम्पसला फक्त विमा विकायच्या नोकऱ्या आल्या, म्हणून आता घरी बसून सीएफएच्या (चार्टर्ड फायनान्शियल ॲनालिस्ट, गुंतवणूक-विश्लेषणाची आंतरराष्ट्रीय परीक्षा) तिन्ही लेव्हल उरकायच्या आणि मगच अर्ज करायचे, हा तुमचा बेत वाचून राहवलं नाही. याच पेचात मीही होतो, म्हणून लिहितोय. परीक्षा काय, पुस्तकं कुठली, हे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडतो. बेतातला 'घरी बसून' हा भाग मात्र आजच काढून टाका.

हा सल्ला बहुतेक वेळा क्लासच्या काउन्सेलरकडून येतो. नाव घेत नाही, पण 'आधी तिन्ही लेव्हल, मग थेट मोठं पॅकेज' असं सांगून तिन्हींची फी एकदम भरून घेणं हे मला सरळ चुकीचं वाटतं. तिन्ही लेव्हल पास झालात तरी लगेच नावापुढे सीएफए लावता येत नाही. चार्टरसाठी, म्हणजे नावापुढे सीएफए लावायच्या हक्कासाठी, संबंधित कामाचा ४,००० तासांचा अनुभव लागतो, तोही किमान ३६ महिन्यांचा. परीक्षेआधीची नोकरी त्यात धरली जाते, म्हणजे आज टाळलेली नोकरी नंतर करावीच लागणार. शिवाय अलीकडच्या वर्षांत लेव्हल वन निम्म्याहून कमी लोक पास होतात. एखादा अटेम्प्ट गेला की गॅप आणखी वाढते. मग समोरच्याला दिसतो कोरा अनुभव आणि दोन-तीन वर्षांची गॅप. फ्रेशरच्या जागेला तुम्ही जास्त शिकलेले, वरच्या जागेला अनुभव नाही. छोट्या कॉलेजच्या नावापेक्षा ही गॅप जास्त महागात पडते, आणि ती भरून काढायला दुसरं कुठलं सर्टिफिकेट नाही.

आता मूळ प्रश्न. कॉलेजचं नाव मुख्यतः पहिल्या दारावर आडवं येतं. मोठ्या बँकांचं मर्जर-ॲक्विझिशनचं (कंपन्यांच्या विलीनीकरण-खरेदीचं) काम घ्या, तिथे भरती ठराविक एमबीए कॅम्पसवरून होते. सीएफएने ते दार सहसा उघडत नाही, आशा लावू नका. पण मालाड, गोरेगाव, ऐरोलीच्या ऑफिसांतलं फंड अकाउंटिंग, रिस्क, क्रेडिट रिसर्च, केपीओमधलं (परदेशी कंपन्यांसाठी विश्लेषणाचं काम करणाऱ्या कंपन्यांतलं) व्हॅल्युएशन, किंवा फोर्टातल्या छोट्या ब्रोकरकडचं रिसर्च, इथे लेव्हल वन पास असल्याचा नक्की फायदा होतो. अर्ज पोर्टलवर टाकून वाट बघू नका. कॉलेजचा एखादा सीनियर आत असेल तर त्याच्याकडून रेफरल घ्या. एटीकेटी (राहिलेला विषय) असेल तर आधी ती काढा.

अभ्यासाचं गणित नोकरीसकट बसतं. परीक्षा घेणारी संस्था, सीएफए इन्स्टिट्यूट, दर लेव्हलला साधारण ३०० तास धरायला सांगते. रोज दीड-दोन तास आणि शनिवार-रविवार पाच-पाच धरले तर आठवड्याचे अठरा-वीस तास होतात. पण मार्च-एप्रिलमध्ये इयर-एन्डला ऑफिसमधून नऊशिवाय सुटका नसते, म्हणून चार नाही, सहा महिने धरा. मे टाळून ऑगस्ट किंवा नोव्हेंबरची परीक्षा घ्या. विरार लोकलमध्ये उभ्याने वाचन होत नाही, तो वेळ हिशेबात धरू नका.

सीएफए जे शिकवत नाही, ते मुलाखतीत विचारतात. सीएफएच्या अभ्यासात आयएफआरएस (आंतरराष्ट्रीय हिशेब-नियम) आणि अमेरिकन नियम आहेत, इथल्या बहुतेक लिस्टेड कंपन्या इंड एएसवर (भारतीय हिशेब-नियमांवर) चालतात. एखादी रिटेल कंपनी घ्या, बीएसईच्या साइटवरून पाच वर्षांचे वार्षिक अहवाल फुकट उतरवा, एक्सेलमध्ये नफा-तोटा, ताळेबंद आणि कॅश फ्लो ही तिन्ही स्टेटमेंट जोडा. लीजचं (भाडेकरारांचं) इंड एएस ११६ १ एप्रिल २०१९ पासून लागू झालं. दुकानांचं बरंचसं भाडं खर्चातून उठून घसाऱ्यात आणि व्याजात गेलं, त्यामुळे २०१९-२० चा एबिटा (व्याज, कर आणि घसाऱ्याआधीचा नफा) एकदम फुगलेला दिसतो. त्याला 'मार्जिन सुधारलं' म्हणालात तर मुलाखत तिथेच संपते. दुसरी हमखास चूक म्हणजे येणी वाढली की कॅश फ्लोमध्ये ती वजा न करता अधिक करणं. ताळेबंद जुळेना की बरेच जण फरकाचा आकडा 'इतर मालमत्ता'मध्ये कोंबतात. अनुभवी माणूस तो सेल आधी उघडतो. असं एक स्वच्छ मॉडेल आणि सोबत एनआयएसएमचं (सेबीच्या प्रशिक्षण संस्थेचं) रिसर्च ॲनालिस्ट सर्टिफिकेट, एवढं फ्रेशरला माझ्या मते लेव्हल टूपेक्षा जास्त उपयोगी. हे माझं मत. मी काही करिअर सल्लागार नाही, आणि नियम-फी बदलत असतात, संस्थेच्या साइटवर एकदा तपासा.

पासपोर्ट नसेल तर आधी तो काढा, त्याशिवाय रजिस्ट्रेशन होत नाही, आणि नाव त्यावरच्यासारखंच हवं. मुंबई विद्यापीठाच्या मार्कशीटवर आडनाव पहिलं आणि शेवटी आईचं नाव असतं. पुढे नोकरीच्या व्हेरिफिकेशनला कधीकधी यावरून अडतं, म्हणून आधार, पॅन, पासपोर्ट तरी एकसारखे ठेवा. फी डॉलरमध्ये असते. घरी ओढाताण असेल तर पैसे भरण्याआधी संस्थेच्या ॲक्सेस स्कॉलरशिपचा (फीमधल्या सवलतीचा) अर्ज करा. आणि सीव्हीवर नावापुढे 'सीएफए लेव्हल वन' असं लावू नका, ते संस्थेच्या नियमात बसत नाही. शिक्षणाच्या रकान्यात 'सीएफए प्रोग्रॅमची लेव्हल वन उत्तीर्ण' आणि महिना-वर्ष लिहा.