सिसिलीतलं नोतो एका दिवसात पायी बघून होतं का?

हो, आरामात होतं, खरं तर चार-पाच तास पुरतात, कारण बघण्यासारखं जवळपास सगळं कोर्सो व्हित्तोरिओ एमान्युएले या एकाच सरळ रस्त्यावर नाहीतर त्याच्या आजूबाजूला आहे. १६९३ च्या भूकंपात जुनं गाव जमीनदोस्त झालं आणि नवीन जागी सगळं आखून बांधलं, म्हणून ही सोय. मी पायीच फिरलोय, क्रम सांगतो: पोर्ता रेआलेच्या कमानीतून आत शिरा, कॅथेड्रल बघा (घुमट १९९६ ला कोसळलेला, आत्ताचा नंतर परत बांधलाय), मग व्हिया निकोलाची या रस्त्याला वळा आणि मान वर करून पलात्सो निकोलाची या महालाच्या बाल्कन्या बघत बसा, खाली टेकू म्हणून सिंह, घोडे, जलपऱ्या कोरल्यात, आणि मला विचाराल तर कॅथेड्रलपेक्षा भारी तेच आहे. शेवटचे दोन तास संध्याकाळचे ठेवा, तिरप्या उन्हात तो चुनखडीचा दगड अगदी मधाच्या रंगाचा दिसतो. फक्त सिराकुसाहून ट्रेनने येणार असाल तर स्टेशन खाली आहे आणि गाव वर, जुलै-ऑगस्टच्या भर दुपारी तो चढ जीव काढतो, त्यापेक्षा बस बरी.