नववीच्या मुलांना लहानांचे 'दादा-ताई' केलं तर शाळेतला त्रास कमी होतो का?

तुमचा मुलगा जूनमध्ये गावची जिल्हा परिषदेची शाळा सोडून तालुक्याच्या हायस्कूलला पाचवीत गेला. मोठी पोरं चिडवतात म्हणून आता शाळा नको म्हणतो. शाळेने नववीच्या मुलांना लहानांचे दादा-ताई नेमायचं ठरवलंय आणि तुम्ही विचारताय, मोठ्यांच्या हातात आणखी अधिकार दिला तर दादागिरी वाढणार नाही का?

अधिकार दिला तर वाढते. आमच्याकडे वाढली होती.

मी बीड जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमध्ये शिकवते. पहिल्या वर्षी आम्ही प्रत्येक वर्गाचे मॉनिटर आणि पहिल्या नंबरांची मुलं घेतली, त्यांच्या छातीवर बिल्ले लावले, त्रास देणाऱ्यांची नावं लिहायला वही दिली. महिन्याभरात पाचवीची लेकरं बिल्लेवाल्यांच्या बाटल्या भरून आणायला लागली. नाही आणली की नाव वहीत. ती वही माझ्या हाताने दिलेली होती, याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या वर्षी वही बंद, बिल्ले बंद. पाचवी-सहावीच्या मुलांना कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या आणि एकच विचारलं, "शाळेत काही झालं तर मोठ्यांपैकी कुणाला सांगशील?" आलेल्या नावांत आमची 'हुशार' मुलं फार थोडी होती. बरीचशी त्याच एसटीने येणारी, त्याच तांड्यावरची. काही तर अशी, की पाचवीत असताना त्यांनाच 'कोयता' म्हणून चिडवलं गेलं होतं. (ऊसतोडीला जाणारं जोडपं मुकादमाच्या हिशेबात एक कोयता असतं. तोच शब्द त्यांच्या लेकरांना चिकटतो.)

त्यातल्या एकाचं सांगते. अभ्यासात बेताचा, बोलायला कमी. ऑगस्टमध्ये मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला. "मॅडम, पाचवीतलं ते लेकरू पाणीच पीत नाही. बाटली सकाळी भरलेली अन् संध्याकाळीबी भरलेलीच." मी म्हटलं, तहान लागत नसेल. "तसं नाही मॅडम. पाणी पिलं की लघवीला जावं लागतंय. तिथं आठवीची पोरं दार धरून उभी राहतेत."

आम्ही शिक्षक रोज त्याच व्हरांड्यातून जात होतो. एकालाही दिसलं नव्हतं.

त्याने आठवीच्या पोरांना काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून सुट्टीची घंटा झाली की तो पाचवीच्या दाराशी यायचा, "चल रे, हात धुऊन येऊ" म्हणायचा, आणि दोघं सोबत जायचे. भांडण नाही, धमकी नाही. चार-पाच दिवसांत त्यांच्यामागे आणखी तिघं जायला लागले. एका संध्याकाळी ते लेकरू आपली बाटली घेऊन माझ्यासमोर आलं आणि उलटी करून दाखवली. थेंबभरही पाणी नव्हतं.

आठवीच्या पोरांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलणं मोठ्यांचं काम होतं, ते आम्ही केलं. दोघं लवकर वळणावर आले, तिसऱ्याला वर्ष लागलं.

दादा-ताईचं काम एवढंच असावं असं माझं ठाम मत आहे. जिथे शिक्षक नसतो तिथे सोबत असणं, लेकराला तिथून बाजूला नेणं आणि ठरलेल्या एका शिक्षकाला सांगणं. कॅनडात शाळेच्या मैदानावरचं चित्रीकरण तपासून केलेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. बघणाऱ्या मुलांपैकी कुणी मध्ये पडलं, तर निम्म्याहून जास्त वेळा १० सेकंदांच्या आत त्रास थांबल्याचं त्यात दिसलं. त्या दहा सेकंदांत तिथे शिक्षक नसतो, मूलच असतं.

मुलींचं थोडं वेगळं आहे. आमच्या बहुतेक मुली सरकारच्या मानव विकास योजनेतल्या, शाळेच्या मुलींसाठी असलेल्या निळ्या बसने येतात आणि चिडवाचिडवी बसमध्ये, नाहीतर स्टँडवर वाट बघताना होते. म्हणून ताई निवडताना वर्ग न बघता बसचा मार्ग बघतो.

शाळेत गेलात की हे नक्की विचारा: दादा-ताईंना शिक्षा करायचा किंवा नावं लिहायचा अधिकार आहे का? असेल तर स्पष्ट विरोध करा. दर आठवड्याला त्यांच्यासोबत कोण बसतं? आमच्याकडे शनिवारी शाळा सुटायच्या आधी अर्धा तास मी बसते, कारण दुसऱ्याचं दुःख ऐकून ही चौदा वर्षांची लेकरंही आतून हलतात. एका ताईला दोन रात्री झोप आली नव्हती, ते तिने शनिवारीच सांगितलं. दहावीवाल्यांना यात घेऊ नका, त्यांना बोर्डाची परीक्षा असते.

आणि काही गोष्टी दादा-ताईंकडे एक दिवससुद्धा राहता कामा नयेत. अंगावरचे वळ, पैशांची मागणी, नको तिथे हात लावणं, जीव द्यायची भाषा. "कुणाला सांगू नको" असं लेकराने म्हटलं तरी "मी मॅडमला सांगणार आहे, पण तुझ्यासोबत येईन" असं उत्तर द्यायला आम्ही त्यांना पहिल्याच दिवशी शिकवतो. लैंगिक त्रासाची नुसती शंका आली तरी २०१२ च्या पोक्सो कायद्याने (मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा) ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, हे शाळेलाही आठवून द्या. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर मुलाला पाठ करून घ्या. तो मोफत आहे, रात्रीही लागतो.

तोवर आज संध्याकाळी मुलगा घरी आला की "कोण चिडवतं?" असं लगेच विचारू नका. त्याची पाण्याची बाटली उचलून बघा.