गुडघा अडकतो, पण ग्लोव्हज सुटत नाहीत

पत्र : ताई, मी देवगड तालुक्यातला, वय ४३. आंब्याची बाग आहे. वाडीच्या टीमचा कीपर मीच, लग्नाच्या आधीपासून. दोन वर्षं उजवा गुडघा दुखतोय. मॅचआधी गोळी घेतो, क्रेप बँडेज बांधतो आणि उतरतो. गेल्या महिन्यात झाडावर घळ (आंबे उतरवायची जाळीची काठी) हातात असताना गुडघा वाकलेलाच अडकला, सरळ होईना. घरी सांगितलेलं नाही. बायको म्हणते, पुरे करा आता. शेजारचा १९ वर्षांचा मुलगा कीपिंग करायला टपलाय, पण तो अजून कच्चा आहे. मुंबईच्या भाच्याने रील दाखवलं, अमेरिकेतला कार्लटन फिस्क ४५ व्या वर्षी बेसबॉलमध्ये कॅचर, म्हणजे त्यांचा कीपर, होता. धोनीही गुडघा घेऊन खेळला. मग मीच का थांबू?

उत्तर : दादा, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही मध्येच कुठेतरी दडवलंय. ‘घरी सांगितलेलं नाही.’ त्याच्याकडे येतेच, आधी तुमच्या दोन साक्षीदारांना बघू.

फिस्क १९९३ साली ४५ वर्षांचा असताना कॅचर म्हणून मैदानात होता, हे खरं. कॅचर म्हणून २,२२६ सामन्यांचा तेव्हाचा विक्रमही त्याने केला. पण त्यानंतर आठवडाही उलटला नव्हता, तोवर संघाने त्याला मोकळं केलं, हे रीलमध्ये आलं नसणार. आणि त्याच्याही आधीची गोष्ट, १९७४ ची. होम प्लेटवरच्या, म्हणजे धाव पूर्ण होते त्या जागेवरच्या टकरीत त्याच्या गुडघ्याचे लिगामेंट फाटले, तेव्हा तो क्रेप बँडेज बांधून पुढच्या रविवारी उतरला नाही. जवळपास वर्षभर बाहेर बसला. पुढची एवढी वर्षं तो खेळला ती त्यानंतर.

धोनी २०२३ ची आयपीएल दुखऱ्या गुडघ्यावर खेळला, मान्य. पण फलंदाजीला खाली खाली येत होता, सोबत फिजिओ होते, आणि फायनल संपल्यावर काही दिवसांतच त्याने शस्त्रक्रिया करून घेतली. तुमच्याकडे गोळ्यांची स्ट्रिप आहे.

आता गुडघा. दुखणं वेगळं आणि अडकणं वेगळं. सांध्यात कूर्चेची गादी असते. चाळिशीनंतर ती आधीसारखी चिवट राहत नाही, उकिडवं बसून झटक्यात वळलं तरी फाटू शकते. फाटलेला तुकडा सांध्यात आडवा आला की गुडघा तुम्ही सांगता तसाच अडकतो. हेच झालंय असं मी इथे बसून म्हणणार नाही, पण अडकणाऱ्या गुडघ्याला हाडांच्या डॉक्टरांनी बघायलाच हवं. कणकवली गाठा, नाहीतर रत्नागिरी, पण या आठवड्यात. तोवर झाडावर चढायचं नाही. सड्यावरच्या कातळावर उकिडवं बसणं तर बंदच. आणि ती गोळी! मे महिन्याच्या उन्हात घामाने निथळत, पाणी कमी पिऊन वेदनाशामक घेणं म्हणजे किडनीशी खेळ. गोळीने दुखायचं थांबतं, फाटायचं थांबत नाही.

खरं सांगू? तुमचा प्रश्न गुडघ्याचा नाहीच. शिमग्याला चाकरमानी आले की ‘कीपर कोण?’ असं कुणी विचारत नाही, ती जागा तुमची आहे. हंगामभर बागेत राबणाऱ्या माणसाला ते दोन तास स्वतःचे वाटतात, आणि त्यात गैर काहीच नाही. वहिनी ‘पुरे करा’ म्हणतात तेव्हा तुम्हाला तेच हिसकावून घेतल्यासारखं वाटत असणार.

म्हणून खेळ कायमचा सोडा असं मी म्हणत नाही. अमेरिकेतलाच दुसरा कॅचर सांगते, जो मॉअर. कॅचर असताना तीनदा लीगमध्ये अव्वल सरासरीचा फलंदाज ठरला. २०१३ मध्ये डोक्याला मार बसला, मेंदूला हादरा. पुढच्या वर्षीपासून तो फर्स्ट बेसवर, म्हणजे उकिडवं बसावं न लागणाऱ्या फिल्डिंगच्या जागी, उभा राहिला, २०१८ पर्यंत खेळला, आणि २०२४ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेला. त्याची जागा बदलली, खेळ राहिला. तुमचं काय ते डॉक्टर ठरवतील. कदाचित पुढच्या हंगामात मिड-ऑफला उभे राहाल, कदाचित फक्त बॅटिंग. पण हा हंगाम नाही. इथे मी अजिबात सूट देणार नाही.

राहिला तो शेजारचा मुलगा. कच्चा आहे म्हणता, तर पिकणार कधी? कीपर बाऊंड्रीवर उभा राहून तयार होत नाही. पुढच्या मॅचला ग्लोव्हज त्याच्या हातात द्या आणि तुम्ही थर्ड मॅनच्या बाजूला खुर्ची टाकून बसा. पहिल्या ओव्हरला दोन बाय जातील. जाऊ द्यात. तुम्ही ओरडून त्याचे पाय सुधारा, तुमच्याइतकं ते वाडीत दुसऱ्या कुणाला जमणार आहे?

आणि आज रात्री वहिनींना झाडावरचा प्रकार सांगा. त्या चिडतील. गुडघ्यापेक्षा लपवल्याबद्दल जास्त चिडतील, ते ऐकून घ्या, मध्ये फिस्कला आणू नका. डॉक्टरांकडे त्यांनाही घेऊन जा, कारण ‘चालेल म्हणाले’ असं तुम्ही घरी येऊन सांगाल ही मला खात्री आहे. तपासणीत काय निघालं ते मला कळवा, पण या वेळचं पत्र वहिनींच्या हातचं हवं.