स्क्वॅश: भोपळा, सरबत आणि माझी फजिती

तुम्ही लिहिलंय की पाककृतींचं भाषांतर करताना 'स्क्वॅश' आला, शब्दकोशात 'चिरडणे' आणि 'भोपळा' दोन्ही दिसलं, म्हणून 'शिजवून कुस्करतात तो स्क्वॅश' अशी तळटीप टाकताय. अहो, थांबा! हीच माती मी खाल्ली आहे.

स्पेलिंग एक, शब्द दोन. चिरडण्याचा जुन्या फ्रेंचमधून आला. सरबताचा आणि खेळाचा स्क्वॅश त्याच घरातले. भोपळ्याचा मात्र अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या नॅरागॅन्सेट या मूळनिवासी लोकांचा, अल्गोंक्वियन भाषाकुळातला. मूळ 'अस्कुटास्क्वॅश', म्हणजे हिरवं, कच्चं खातात ते. तुमची तळटीप बरोब्बर उलटी! ऱ्होड आयलंडची वसाहत वसवणाऱ्या रॉजर विल्यम्सने १६४३ साली त्या भाषेवरच्या पुस्तकात तो नोंदवलाय. गंमत म्हणजे शेवटचा 'अश' हा तिकडचा अनेकवचनी प्रत्यय. इंग्रजांनी त्यालाच एकवचन समजून वर आपला प्रत्यय लावला. आपण 'एक लेडीज उभी होती' म्हणतो, तसंच.

माझं काय झालं, तर एका भाषांतर कंपनीने (नाव नको) एक्सेलमध्ये सुटे शब्द पाठवले. संदर्भ मागितला, तर 'एका शब्दाला कसला संदर्भ?' मी बेधडक 'सरबत' लिहिलं, त्यांनी ते सगळीकडे चिकटवलं. छापून आलं, 'सरबताचे साल काढून मध्यम फोडी कराव्यात.' चूक माझी होतीच. शब्दकोशात शब्दाच्या खांद्यावर बारीक १, २ असे आकडे असतात, ते मी पाहिलेच नाहीत. पण तीन मेलना दाद न देणारी मंडळी खापर फोडायला दहा मिनिटांत हजर! पैशांच्या नावाने भोपळाच मिळाला.

मी काही भाषाशास्त्रज्ञ नाही, पण माझ्या मते तळटीप काढूनच टाका. बटरनट असेल तर 'लाल भोपळ्याचा प्रकार' पुरे. 'डांगर' मात्र नको. नाशिककडे चालेल, पुण्यात लोक उडदाचं पीठ शोधतील. आणि पुढे 'सकोटॅश' (मका-घेवड्याचा अमेरिकी पदार्थ) आला, तर तोही नॅरागॅन्सेटच, मूळ अर्थ मक्याचे उकडलेले दाणे. त्यातला 'मका' गाळू नका, नाहीतर आपले लोक शेंगदाणे घालतील.