पाषाण रस्ता, पहाटे पाच

आपला प्रश्न असा आहे: तरुणपणी जुन्या गाड्यांमध्ये फेरफार करून रस्त्यावर शर्यती लावणाऱ्यांना आज ते दिवस कसे आठवतात, आणि त्या गाड्या खरोखरच एवढ्या वेगवान होत्या का? मी १९८६ ते १९८९ या काळात पुण्यात हे केले आहे, म्हणून उत्तर लिहितो. दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो. नाही, त्या वेगवान नव्हत्या. आज कोणाच्याही दारात उभी असलेली लहान गाडी आमच्या त्या वेळच्या गाड्यांना सहज मागे टाकील. पण आमच्या गाडीत जो थोडासा अधिकचा वेग होता, तो आम्ही स्वतःच्या हातांनी घातलेला होता, आणि आठवण येते ती मुख्यतः त्या हातकामाची.

गाडी काकांची होती: १९६७ सालची फियाट ११००, त्या काळी 'डिलाइट' म्हणून ओळखली जाणारी. लोक जिला 'डुक्कर फियाट' म्हणतात ती हिच्या आधीची, गोलसर पाठीची. आमची गाडी चौकोनी होती. याच बांध्याची गाडी पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेली, त्यामुळे सुट्या भागांची ददात आम्हाला कधी पडली नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार झाली होती, ही गोष्ट काका प्रत्येक पाहुण्याला सांगत असत. डोळे अधू झाल्यावर त्यांनी गाडी चालवणे सोडले आणि सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्याच्या बोळात ती दोन वर्षे ताडपत्रीखाली पडून राहिली. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी किल्ली मागितली, तेव्हा काका एवढेच म्हणाले, "चालू करून दाखव, मग तुझी."

ती मला चालू करता आली नाही. ती चालू केली नाना पेठेतल्या एका गॅरेजच्या मालकाने, ज्याला सगळे 'उस्ताद' म्हणत आणि मीही तेच म्हणू लागलो. गाडी त्याच्याकडे दोरीने ओढून नेल्यावर त्याने पहिले दोन दिवस तिला हातच लावला नाही. मला मात्र पेट्रोलची टाकी उतरवून गंज धुवायला, प्लग घासायला आणि कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) सुटा करून प्रत्येक भोकात फुंकर मारून पाहायला बसवले. इंजिन चालू झाल्यावर त्याने एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, त्याचे टोक इंजिनावर टेकवले, मूठ कानाला लावली आणि तो डोळे मिटून उभा राहिला. मग स्क्रू ड्रायव्हर माझ्या हाती देऊन म्हणाला, "दुसऱ्या सिलिंडरचा टॅपेट ऐक." टॅपेट म्हणजे इंजिनाची झडप उघडणारा भाग; त्याची फट वाढली की तो खडखडतो. मला पहिल्या दिवशी नुसती खडखड ऐकू आली. तीन महिन्यांनी मात्र बोळाच्या तोंडाशी उभा राहून, गाडी आत चालू असताना, कोणता टॅपेट ढिला झाला आहे ते मी सांगू शकत होतो. पुढे आयुष्यात मी जी काही यंत्रे हाताळली, त्या सगळ्यांच्या मुळाशी ते ऐकणे आहे.

वेग वाढवण्याचे उपाय तसे थोडे होते. इंजिन १०८९ सीसीचे, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास. सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनाचे वरचे झाकण, उतरवून लेथवाल्याकडे त्याचे फेसिंग करून घ्यायचे, म्हणजे तळाचा धातू किंचित घासला जाऊन ज्वलनाची जागा लहान होते, पेट्रोल आणि हवेचे मिश्रण अधिक दाबले जाते आणि ताकद वाढते. पण धातू जरा जास्त घासला गेला, तर त्या वेळच्या पेट्रोलवर इंजिन 'नॉकिंग' करू लागते, चढावर खिळे भरलेला डबा हलवावा तसा आवाज येतो, आणि मग टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे घेऊन मिळालेली ताकद परत द्यावी लागते. आम्ही पहिल्या वेळी हीच चूक केली आणि जुन्या कात्रज घाटात, बोगद्याच्या अलीकडे, हेड गॅसकेट, म्हणजे हेडखालची चपटी पट्टी, उडवून घेतले. दुसरे हेड जुन्या बाजारात मिळाले. बुधवार-रविवारी भरणाऱ्या त्या बाजारात जमिनीवर पसरलेल्या लोखंडात कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळ्या, शोधत मी जेवढा काळ उकिडवा बसलो असेन, तेवढा काळ वाचनालयात बसलो नसेन. हेडमधल्या वाटा पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केल्या, मेन जेट एक आकार मोठा बसवला, मागची सीट, दोन्ही बंपर आणि स्टेपनी काढून वजन कमी केले, आणि सायलेन्सरच्या आतल्या जाळ्या कापून टाकल्या. या शेवटच्या कामाला उस्तादाचा विरोध होता. तो म्हणाला होता की याने ताकद वाढत नाही, फक्त आवाज वाढतो. आम्हाला आवाजही हवा होता.

ही सगळी तयारी ज्या शर्यतीसाठी होती, ती मिनिटभरात संपत असे. जागा ठरलेली होती: विद्यापीठ चौकाकडून पाषाणकडे जाणारा रस्ता, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या पुढचा सरळ पट्टा, दोन्ही बाजूंना झाडे. जंगली महाराज रस्ता त्याहून कितीतरी गुळगुळीत होता आणि त्याच्यावर गाडी सोडून पाहण्याची इच्छा आमच्यातल्या प्रत्येकाला होती, परंतु तो भर वस्तीत असल्याने तेवढा विवेक आम्ही पाळला. वेळ रविवारी पहाटे पाचची. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहत, म्हणजे रस्त्याची दोन्ही अंगे अडत. एक मित्र हातरुमाल खाली टाकी आणि टोकाला दुसरा मित्र टॉर्च घेऊन उभा असे. हरणाऱ्याने सगळ्यांना डेक्कनवरच्या गुडलक कॅफेत बन-मस्का आणि चहा द्यायचा, एवढीच पैज. पैशांवर शर्यत आम्ही कधी लावली नाही.

गियर स्टिअरिंगच्या खांबाला होता, ज्याला आपल्याकडे 'हँड गियर' म्हणतात. पहिल्याचा दुसरा पटकन पडे, पण दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना दांडा मधल्या पोकळीतून पलीकडे न्यावा लागे, आणि जोडकामातल्या बुश झिजलेल्या असल्या की घाईत तो नेमका तिथेच अडके. अडकला की शर्यत संपली. खाली उतरायचे, बॉनेट उघडायचे आणि खांबाच्या तळाशी असलेली दांडी हाताने मागे-पुढे करून मोकळी करायची. म्हणून तिसरा गियर टाकताना घाई न करणे, हात सैल ठेवणे, इंजिनाचा सूर किंचित उतरू देणे आणि मग दांडा जणू स्वतःहून जातो तसा जाऊ देणे, हे मी शेकडो वेळा घोटले होते. हे जमले की पुढे काही सेकंद गाडीचा आवाज एकसंध होई, काटा शंभरापुढे जाऊन थरथरू लागे, दारांच्या फटींतून थंड वारा आत शिरे, आणि अंगात जे भरून येई त्याला आनंद याहून दुसरा शब्द मला आजही सुचत नाही.

प्रतिस्पर्धी दोन प्रकारचे होते. एका मित्राच्या वडिलांकडे इसुझूच्या १.८ लिटर इंजिनाची कॉन्टेसा होती. तिच्यापुढे आमचा निभाव लागणे शक्यच नव्हते आणि तिच्याशी शर्यत म्हणजे तिचे मागचे दिवे पाहण्याचा मान होता. खरी झुंज होती मारुती ८०० शी. डिसेंबर १९८३ मध्ये ती रस्त्यावर आली तेव्हा फियाटवाले तिला खेळणे म्हणत, पण ती वजनाला इतकी हलकी होती की सुटतानाच दोन गाड्यांएवढे अंतर घेई. शेवटच्या शे-दोनशे मीटरांत आमची फियाट ते अंतर कापत आणी. अशा सात शर्यतींपैकी तीन आम्ही जिंकल्या. मारुती ही अधिक चांगली गाडी होती, हे मला तेव्हाही कळत होते. तिच्या बॉनेटखाली आम्हाला करण्यासारखे फारसे काही नव्हते, आणि म्हणूनच तिच्यावर माझे मन कधी बसले नाही.

आता ज्या पहाटेबद्दल लिहिल्याशिवाय हे उत्तर प्रामाणिक होणार नाही, ती. १९८९ चा जानेवारी होता आणि पाषाणच्या बाजूने धुके उतरले होते. शर्यत पुढे ढकलावी असे एक मित्र म्हणाला. मी नको म्हणालो. मी उजव्या अंगाला होतो, मारुती डावीकडे अर्धी गाडी पुढे. तिसरा गियर छान पडला होता. तेवढ्यात धुक्यातून समोर सायकल दिसली, कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. फियाटच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असत आणि जोरात दाबले की ज्या चाकाचा ब्रेक आधी धरेल त्या बाजूला गाडी ओढली जाई. माझी गाडी डावीकडे ओढली गेली, मारुतीच्या मागून निसटून रस्ता सोडून गेली आणि एका वडाच्या अलीकडे आडवी वळून थांबली. सायकलस्वार आमच्या धडकेतून वाचला, पण स्वतःला वाचवण्यासाठी तो सायकलसह चरात पडला होता. गुडघा फुटला होता आणि दोन्ही कॅनमधले दूध मातीत गेले होते.

त्यांचे वय पन्नाशीच्या पुढचे असावे. त्यांना दवाखान्यात न्यायला आमच्याकडे तीच गाडी होती, आणि तिला मागची सीट नव्हती. ते पुढे बसले, माझा मित्र मागे उघड्या पत्र्यावर. वाटेत त्यांनी आम्हाला एकही शिवी दिली नाही. एवढेच म्हणाले, "मी घंटी वाजवत होतो. दोनदा वाजवली." टॅपेटमधला केसभर फरक ऐकू येणाऱ्या मला ती घंटी ऐकू आली नव्हती, कारण सायलेन्सर मी स्वतःच्या हाताने कापलेला होता.

गुडघ्याला टाके पडले. तीन आठवडे सायकल चालवता येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. मी घरी येऊन काकांना सगळे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "त्यांच्या गिऱ्हाइकांना दूध कोण घालणार?" दुसऱ्या दिवसापासून एकवीस दिवस मी पहाटे चारला त्यांच्या गोठ्यावर जात होतो, काढलेल्या सीटच्या जागी कॅन उभे करत होतो आणि शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलाने दाखवलेल्या घरांना औंधमध्ये दूध पोहोचवत होतो. कॅनमधले दूध हिंदकळू न देता फियाट चालवणे शर्यतीपेक्षा कठीण होते. उस्तादाने त्याच आठवड्यात मूळचा सायलेन्सर परत बसवला. त्याचे पैसे त्याने घेतले नाहीत आणि बोललाही काही नाही. त्यानंतर मी रस्त्यावर शर्यत लावली नाही.

आपण स्वतः असे काही करण्याच्या विचारात असाल, तर मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमानुसार सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आमच्या वेळीही रीतसर मार्ग होते: मद्रासजवळच्या शोलावरमला युद्धकाळातल्या धावपट्टीवर शर्यती होत, आणि मोठ्या रॅलींची छायाचित्रे आम्ही वर्तमानपत्रांतून कापून उस्तादाच्या भिंतीवर चिकटवत होतो. पुण्यातल्या विद्यार्थ्याला ते सारे फार दूरचे वाटे. आज श्रीपेरुंबुदूरजवळ आणि कोइंबतूरला शर्यतींसाठी बांधलेले ट्रॅक आहेत, तिथे समोरून सायकल येत नाही. गाडी जरूर जुनी घ्या, तिचे हेड स्वतः उतरवा, पण ती तिथे पळवा.

काकांच्या निधनानंतर १९९७ मध्ये फियाट विकली. तिचे पुढे काय झाले याचा शोध मी मुद्दामच घेतला नाही. मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये, वीस वर्षांची मुदत संपून मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद होणार अशी बातमी वाचली, तेव्हा मी सकाळच्या गाडीने मुंबईला गेलो आणि तासभर शोधल्यावर एक पद्मिनी मिळाली. ती सीएनजीवर चालत होती, त्यामुळे ओळखीचा पेट्रोलचा वास नव्हता, पण आवाज तोच होता आणि तिसऱ्या टॅपेटला थोडी फट जास्त होती. मरीन ड्राइव्हच्या सिग्नलवरून निघताना चालकाने दुसऱ्यावरून तिसरा टाकला आणि दांडा मध्येच अडकला. तो उतरण्याआधी मीच उतरलो, बॉनेट उघडले, खांबाच्या तळाशी हात घातला आणि दांडी जागेवर आणली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. चालकाने खिडकीतून एक फडके पुढे केले, मी हात पुसले आणि आम्ही तिसऱ्या गियरमध्ये, चाळीसच्या वेगाने, चौपाटीपर्यंत गेलो.